झीज आणि गंज

'सेकंडहँड' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. जाहिरातीत 'जुनी सायकल विकणे आहे' असे लिहितात, आणि बोलताना मात्र 'वापरलेली आहे, पण चांगली आहे' असे म्हणतात. पहिल्या शब्दातून वस्तूचे वय कळते, दुसऱ्यातून तिच्यावर काय गुजरले ते. एखादी वस्तू जुनी असूनही फारशी वापरलेली नसते, आणि एखादी दोन-तीन वर्षांतच पुष्कळ वापरून झालेली असते. एरवी या भेदाशी आपल्याला काही कर्तव्य नसते. पण मोजक्या पैशांत जुनी माउंटन बाइक घ्यावी की नाही, हा प्रश्न समोर उभा राहतो तेव्हा सगळा निर्णय या भेदावरच येऊन ठेपतो.

मी पुण्यात दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. त्यांतले एक शहराच्या कडेला आहे. बस जिथे सोडते तिथून पुढचा चार किलोमीटरचा रस्ता निम्मा कच्चा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात खडी आणि फुफाटा. घरातली स्कूटर पत्नीच्या नोकरीसाठी लागते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला शिकवलेल्या तासांचेच पैसे मिळतात, हे या पानांच्या वाचकांपैकी अनेकांना सांगायला नको. मे महिन्यात तास नसतात, म्हणून पैसेही नसतात. अशा माणसाने पंधरा-वीस हजारांची वस्तू घ्यायची ठरवली की ती हौसेची राहत नाही. ती आणखी पाच-सहा वर्षे चालली पाहिजे, आणि उतारावर मध्येच दगा देता कामा नये. नव्या सायकलीचा विचार दुकानातल्या किमती पाहूनच मागे पडला होता. राहिला प्रश्न तो जुनीचा, आणि जुन्यांतही कोणत्या जातीचा.

हार्डटेल म्हणजे पुढच्या चिमट्यात धक्के झेलणारे सस्पेन्शन असलेली आणि मागच्या बाजूने मात्र ताठ असलेली माउंटन बाइक. पूर्वी सगळ्याच सायकलींची मागची बाजू ताठ असे, तेव्हा तिला वेगळे नाव देण्याचे कारण नव्हते. पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या सायकली आल्या आणि जिला मागे ते नव्हते तिला विशेषण लागले. मोबाइल आल्यावर घरच्या फोनला 'लँडलाइन' म्हणावे लागले, तसेच. जुनी सायकल घेणाऱ्याला या ताठपणाचा फायदा आहे. मागे शॉक नाही, फ्रेमला हलणारे सांधे नाहीत, त्या सांध्यांतली बेअरिंगे नाहीत. बिघडू शकणाऱ्या आणि दुरुस्तीला महाग असणाऱ्या गोष्टी तेवढ्या कमी. डांबरी रस्त्यावर हायब्रिड सायकल अधिक हलकी धावते हे खरे, पण माझ्या वाटेवरची खडी तिच्या बारीक टायरांना मानवणारी नव्हती.

माउंटन बाइकचा जन्मच मुळी वापरलेल्या सायकलींतून झाला आहे. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७०च्या दशकात काही तरुण १९३०-४०च्या काळातल्या, जाड टायरांच्या श्विन सायकली मिळतील तिथून गोळा करीत आणि डोंगरउतारावरून सोडीत. ऑक्टोबर १९७६मध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी शर्यत सुरू केली. पायडल उलटे दाबून लागणारा मागचा ब्रेक त्या उतारावर इतका तापे की हबमधले ग्रीस जळून जाई, आणि मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या उताराचेच नाव पडले 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणे. पुढे १९७७मध्ये जो ब्रीझ यांनी या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. १९७९मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेमवर उभ्या केलेल्या सायकली विकायला सुरुवात केली. १९८१मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर आली आणि माउंटन बाइक कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. सस्पेन्शनचा चिमटा तर १९८९च्या रॉकशॉक्स आरएस-वननंतर रुळला. या इतिहासातला मला उपयोगी पडलेला धडा त्या उताराच्या नावात आहे: वापरलेल्या सायकलीवर भरवसा ठेवायचा तर आधी ती उघडून पाहावी लागते.

उघडून पाहण्याची ही रीत साहित्याच्या विद्यार्थ्याला परकी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते तडीला नेले. वि. स. सुकथनकरांनी घालून दिलेल्या शिस्तीने झालेल्या या कामासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. पाठचिकित्सा शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक साधा नियम आवर्जून सांगतो: पोथीचे वय आणि तिच्यातल्या पाठाचे वय एकच असते असे नाही. अलीकडे नकललेल्या पोथीत जुना पाठ टिकून राहिलेला असू शकतो आणि जुन्या पोथीत पुष्कळ भर पडलेली असू शकते. म्हणून पोथीवरच्या तारखेवर न विसंबता ओळ न् ओळ पाहावी लागते. सायकलीचेही तसेच. विकणारा सांगतो ती हकिकत ही झाली प्रस्तावना. संहिता म्हणजे समोर स्टँडवर उभी असलेली सायकल. दोहोंचा मेळ बसतो का, हे पाहणे हे ग्राहकाचे काम.

या कामी मला आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या काकांची साथ होती. त्यांना पुस्तकी नावांशी काही देणेघेणे नाही, पण चाक एकदा फिरवून आऊट किती आहे ते ते नजरेने सांगतात. 'ओव्हरहॉल'ला ते, महाराष्ट्रातल्या बहुतेक सायकलवाल्यांप्रमाणे, 'ओव्हरऑइल' म्हणतात. मला हा मराठी पाठ मूळ शब्दापेक्षा अधिक अर्थवाही वाटतो. कारण जुन्या सायकलीच्या बाबतीत अर्धा प्रश्न तेल वेळच्या वेळी पडले की नाही एवढाच असतो.

अनेक सायकली पाहून शेवटी दोन उरल्या. पहिली एका गृहसंकुलाच्या पार्किंगमध्ये होती. मालक पन्नाशीचे, अतिशय सौजन्यशील गृहस्थ. 'नवीच आहे हो, चालवलीच नाही,' असे त्यांनी तीन वेळा सांगितले, आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. टायरांच्या कडेला साच्यातून निघताना राहणारे रबराचे बारीक केस जसेच्या तसे होते. रंगावर ओरखडा नव्हता. त्यांनी किंमत सांगितली १५,००० रुपये. धूळ पुसली असती तर ती सायकल दुकानाच्या काचेत शोभली असती.

पण ती चार पावसाळे एका जागी उभी होती. हँडलवर भार टाकून चिमटा दाबला तर तो आधी हललाच नाही. मग खरवडल्यासारखा आवाज करीत एकदम खाली गेला आणि वर येईना. चिमट्याच्या वरच्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे ठिपके धरले होते. या नळ्या रबरी सीलांमधून खालीवर होतात. ठिपके त्या सीलांना कानशीसारखे घासत राहतात आणि मग आतले तेल बाहेर येते, बाहेरची धूळ आत जाते. चेनच्या काही कड्या वळल्या त्या वळलेल्याच राहिल्या. टायरांच्या बाजूंना उभ्या भेगा होत्या. हायड्रॉलिक ब्रेकचा दांडा हँडलला टेकेपर्यंत ओढला तरी चाक फिरतच होते. सीटची दांडी तर फ्रेममध्ये इतकी घट्ट बसली होती की पकड सैल करून दोघांनी जोर लावला तरी ती केसभरही हलली नाही. अ‍ॅल्युमिनिअमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. पण ओल लागली की तेही पांढरे फुटते आणि एका नळीत दुसरी धरून बसते.

काकांनी जागेवरच हिशेब मांडला. चिमटा ६,०००, दोन्ही टायर ३,०००, चेन ९००, ब्रेकचे तेल बदलून दुरुस्ती १,१००. म्हणजे ११,००० रुपये. सीटची दांडी निघेल की फ्रेमलाच इजा करील, याचा अंदाज त्यांनी दिला नाही. 'चालवली असती तर बरं झालं असतं,' एवढेच ते परतताना म्हणाले.

दुसरी सायकल एका संशोधक विद्यार्थिनीची होती. वनस्पतिशास्त्रातले काम संपवून ती परगावी निघाली होती. क्षेत्रकार्यासाठी आणि रविवारच्या भटकंतीसाठी तिने ही सायकल पाच वर्षे दामटली होती. रंग ठिकठिकाणी उडालेला, सीट कडेला फाटलेली, हँडलच्या मुठी चिकट झालेल्या, मागच्या टायरचे दाणे मध्यभागी जवळजवळ सपाट. किंमत १४,०००. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, 'सर, आधी हे बघा,' आणि वरच्या नळीवर आलेला एक पोचा तिने बोटाने दाखवला. सिंहगडाच्या अलीकडच्या एका उतारावर ती पडली होती आणि हँडल गर्रकन फिरून ब्रेकचा दांडा तिथे आदळला होता.

काकांनी त्या पोच्यावरून बोट फिरवले. कड धारदार नव्हती, रंगाला बारीक चीर गेलेली नव्हती. मग आम्ही फ्रेम ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि वेल्डिंगचे सांधे एकेक करून पाहिले: हँडलखालची आडवी-तिरपी नळी जिथे मिळते तो सांधा खालच्या बाजूने, पायडलांच्या मधला भाग, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन्ही बारीक नळ्या. फ्रेमला तडा जायचा तर बहुधा या जागी जातो, आणि तो आधी रंगातल्या केसाएवढ्या रेषेच्या रूपाने दिसतो. अशी रेषा कुठे सापडली नाही. सीटची दांडी सहज वर आली. तिला ग्रीस लावलेले होते.

चेन मोजायला साधी पट्टी पुरते. तिची प्रत्येक पूर्ण जोडकडी एक इंचाची असते, म्हणून नव्या चेनच्या बारा जोडकड्या नेमक्या बारा इंचांत बसतात. वापराने पिना झिजतात आणि चेन लांबते. शेवटची पिन एक सोळांश इंच पुढे गेली की चेन बदलावी; एक अष्टमांश गेली की मागचे दातेही झिजलेले असणार असे धरावे. इथे पिन एक सोळांश पुढे होती. चेन वेळेवर बदलली तर मागचे दाते वाचणार होते. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवली. हेडसेटमध्ये खेळ नव्हता. पायडलांचे दांडे धरून आडवे हलवले तेव्हा मात्र बॉटम ब्रॅकेटमध्ये टक् असा बारीक आवाज आला. हा दोष तिलाही ठाऊक नव्हता. तिने स्वतःहून हजार रुपये कमी केले.

चिमटा मूळचा नव्हता. कंपनीने दिलेला स्प्रिंगचा चिमटा काढून तिने हवेच्या दाबावर चालणारा बसवून घेतला होता. आमच्या परिभाषेत हा भाग प्रक्षिप्त ठरेल. पण प्रक्षिप्त ठरला म्हणजे टाकाऊ ठरला असे नाही. तो कुणी, कधी, कशासाठी घातला एवढे कळले पाहिजे. ते इथे कळत होते, कारण तिच्याजवळ एक छोटी वही होती. चेन कधी बदलली, चिमट्याचे सील आणि तेल कधी बदलले, ब्रेकचे पॅड किती किलोमीटरला गेले, हे सगळे तारखांसह तीत लिहिलेले होते. नव्या चिमट्याची पावती त्याच वहीत होती, आणि सायकलीच्या मूळ बिलावरचा क्रमांक फ्रेमच्या पोटाशी कोरलेल्या क्रमांकाशी जुळत होता. हा शेवटचा मेळ न घालता जुनी सायकल घेणाऱ्याच्या दारात चोरीचा माल येऊ शकतो.

या दुसऱ्या सायकलीचा हिशेब असा: चेन ९००, मागचा टायर १,५००, ब्रेकचे पॅड ६००, मुठी ४००, बॉटम ब्रॅकेट १,१००. एकूण ४,५००. किमतीत मिळवले की १७,५००. पहिलीचा आकडा २६,००० वर जात होता, आणि सीटच्या दांडीचे काय, हे त्यानंतरही उरतच होते. देखण्या सायकलीला जास्त खर्च आणि खरचटलेलीला कमी, हे ऐकायला विचित्र वाटते. पण त्यामागचे कारण सरळ आहे. झीज जिथे घर्षण होते तिथेच होते. ती मोजता येते, आणि झिजलेला भाग सुटा काढून दुसरा घालता येतो. गंजाला अशी शिस्त नाही. तो न हलणाऱ्या सांध्यांत शिरतो आणि एक भाग दुसऱ्यापासून वेगळा होऊ देत नाही. झिजलेल्या सायकलीची यादी करता येते. गंजलेल्या सायकलीची यादी काम सुरू केल्यावर वाढत जाते.

यावरून भरपूर दामटलेली सायकल नेहमीच चांगली, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होईल. निष्काळजीपणे वापरलेल्या सायकलीत झीज आणि गंज दोन्ही एकत्र नांदतात, आणि अशा सायकली आम्ही या शोधात पुष्कळ पाहिल्या. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके धुंडाळणाऱ्याला हे नवीन नाही. समासात पेन्सिलीने केलेल्या टिपा, सैल झालेला पण पुन्हा शिवलेला पुठ्ठा असे पुस्तक आपण आनंदाने उचलतो. पाने सुटलेले, चहाचे डाग पडलेले पुस्तक वाचले गेले असेलही. पण आपल्या हाती ते पुरते येत नाही. वापराला निगेची जोड असेल तरच वापर ही जमेची बाजू.

इथवर सगळे वाचता येण्याजोगे होते. न वाचता येणारी एक गोष्ट मात्र शिल्लक होती, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची होती. पोलादावर येणारा ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर ते अगणित हिसके सोसू शकते. अ‍ॅल्युमिनिअमला अशी निश्चित मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा, प्रत्येक हिसका त्याच्या खाती कुठेतरी जमा होत राहतो. धातूच्या या थकव्याची खूण तडा जाईपर्यंत वरून दिसत नाही. पाच वर्षे डोंगरात हिंडलेल्या फ्रेमने किती सोसले आणि तिच्यात किती बळ उरले, हे पट्टीने मोजता येत नाही, काकांच्या बोटालाही कळत नाही. चेन, टायर, ब्रेक यांचे दोष पैशांत मांडता येतात. उतारावर हँडलखालचा सांधा तुटला तर होणारे नुकसान त्या स्तंभात बसत नाही. दुसऱ्या सायकलीच्या विरुद्ध बाजूला हे एकच वजन होते, पण ते भारी होते.

मी दोन दिवस थांबलो. घरी पत्नीने विचारले, 'तिला विचारलंत का, ती स्वतः अजून त्याच उतारांवर नेते का ही सायकल?' प्रश्न नेमका होता. मी फोन करून तो तसाच विचारला. विद्यार्थिनी म्हणाली, 'गेल्या रविवारीही नेली होती, सर. पण पडल्यापासून मी उडी मारत नाही तिच्यावरून. तुम्हीही मारू नका.' विकायला काढलेल्या वस्तूविषयी विकणाऱ्याने असा इशारा देणे हे बाजाराच्या रीतीला सोडून होते. जिथे वस्तूवरची खूण संपते तिथे साक्षीदाराच्या शब्दावर विसंबावे लागते. आणि साक्षीदार विश्वासार्ह कधी, तर आपल्या तोट्याचे असूनही सांगतो तेव्हा. पोचा तिने आधी दाखवला होता, बॉटम ब्रॅकेटचा आवाज ऐकून पैसे कमी केले होते, आणि आता हे. माझी वाट खडीची असली तरी तीवर उड्या मारायच्या नव्हत्या. १३,००० रुपये देऊन मी ती सायकल घेतली.

तिच्या सोबत वहीही आली. काकांनी चेन, टायर, पॅड, मुठी आणि बॉटम ब्रॅकेट बदलून दिले. बिल अंदाजापेक्षा दोनशे रुपयांनी वाढले, कारण एक केबलही बदलावी लागली. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सायकल उलटी करून फ्रेम फडक्याने पुसतो आणि सांधे उजेडात पाहतो. थकव्याचे खाते विकत घेण्याच्या दिवशी एकदा पाहून बंद करता येत नाही, ते पाहत राहावे लागते. दहा मिनिटांचे काम आहे. रेषा दिसली त्या दिवशी फ्रेम मोडीत काढायची, असे काकांशी आधीच ठरले आहे.